लोकांनी निवडलेला न्यायाधीश

न्यायाधीश लोकांनी मतदानाने निवडावेत की नाही, हा प्रश्न वरवर राज्यव्यवस्थेचा वाटतो. मुळात तो न्याय म्हणजे काय, याचा प्रश्न आहे. कायदे करणारे लोकांनी निवडायचे, कायदे राबवणारे लोकांनी निवडायचे, मग त्या कायद्याचा अर्थ लावून माणसाला तुरुंगात धाडणारा किंवा सोडून देणारा तेवढा लोकांच्या निवडीबाहेर का ठेवायचा? लोकशाही मानणाऱ्याला हा प्रश्न झटकून टाकता येत नाही. 'लोकांना कायद्यातले काय कळते' हे त्यावरचे नेहमीचे उत्तर आहे आणि ते तोकडे आहे. लोकांना अर्थसंकल्पातले किंवा परराष्ट्र धोरणातलेही सगळे कळत नसते, तरी तिथे त्यांचा कौल आपण शिरोधार्य मानतोच.

हा प्रश्न सर्वांत जास्त काळ आणि सर्वांत मोठ्या प्रमाणावर तपासून पाहिला गेला तो अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत. तिथे संघराज्याच्या न्यायालयांतील न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतो, सिनेट त्याला संमती देते आणि वर्तन चांगले असेपर्यंत ते पदावर राहतात. राज्यांची रीत वेगळी आहे. पन्नासपैकी सुमारे ३८ राज्यांत सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना कोणत्या ना कोणत्या रूपात मतदारांपुढे जावे लागते. काही राज्यांत ते पक्षाच्या नावावर उभे राहतात, काहींत मतपत्रिकेवर पक्षाचे नाव नसते, तर काहींत आधी नेमणूक होते आणि ठरावीक मुदतीनंतर 'हा न्यायाधीश ठेवायचा की काढायचा' एवढाच कौल घेतला जातो. जपानमध्येही सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींवर असा कौल घेतात, पण त्यात आजवर एकही न्यायमूर्ती पदावरून गेलेला नाही. बोलिव्हियाने २०११ मध्ये आपली सर्वोच्च न्यायालये लोकांच्या मताने भरली. मेक्सिकोने २०२५ मध्ये त्याहून मोठे पाऊल टाकले.

अमेरिकेत ही पद्धत आली ती न्यायसंस्थेला कमकुवत करण्यासाठी नव्हे. अँड्र्यू जॅक्सन यांच्या काळात सामान्य मतदाराचा आवाज वाढला आणि १८३२ मध्ये मिसिसिपीने आपल्या घटनेत सर्व न्यायाधीश निवडून देण्याची तरतूद केली. न्यूयॉर्कने १८४६ मध्ये तोच मार्ग धरला आणि यादवी युद्ध सुरू होईपर्यंत बहुतेक राज्ये त्या वाटेने गेली. गव्हर्नर आणि विधिमंडळे आपल्या सग्यासोयऱ्यांना, पक्षाच्या कार्यकर्त्यांना न्यायासनावर बसवत असत. विधिमंडळाने राज्याला कर्जात बुडवले तरी त्याने नेमलेला न्यायाधीश त्याच्याविरुद्ध निकाल देईल, ही आशा फोल होती. न्यायाधीशाचा अधिकार थेट लोकांकडून आला, तर तो राज्यकर्त्यांना न घाबरता त्यांचे कायदे रद्द ठरवू शकेल, असा त्या पिढीचा हिशोब होता. म्हणजे जी पद्धत आज न्यायाधीशाच्या स्वातंत्र्याच्या मुळावर येते असे म्हटले जाते, ती त्याला स्वतंत्र करण्यासाठीच आणली गेली होती.

फ्रेंच विचारवंत अलेक्सी द तॉकव्हिल यांनी अमेरिका पाहून १८३५ मध्येच इशारा दिला होता की न्यायाधीशांना मतदारांवर अवलंबून ठेवण्याचे दुष्परिणाम आज ना उद्या दिसतील. १९०६ मध्ये रॉस्को पाउंड यांनी वकिलांच्या सभेपुढे भाषण करताना, न्यायालयांना राजकारणात ओढल्यामुळे न्यायासनाविषयीचा परंपरागत आदर जवळजवळ नष्ट झाला आहे, असे स्पष्ट बजावले. कॅन्सस सिटीत टॉम पेंडरगास्ट या राजकीय बड्या धेंडाच्या हाती न्यायाधीशांच्या निवडणुकांची दोरी गेली, तेव्हा मिसुरी राज्याच्या मतदारांनी १९४० मध्ये वेगळी रीत स्वीकारली: समितीने गुणवत्तेवर नावे सुचवायची, गव्हर्नरने त्यांतून एक नेमायचे आणि पुढे लोकांनी फक्त 'ठेवा' की 'काढा' एवढे सांगायचे. ही तडजोड पुढे अनेक राज्यांनी उचलली.

परिणामांकडे वळण्याआधी न्यायाधीशाचे काम नेमके काय, हे ठरवले पाहिजे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात एक तरतूद आहे. आसक्तीमुळे, लोभामुळे किंवा भयामुळे जे सभासद शास्त्र सोडून निवाडा करतील, त्या प्रत्येकाला वादातल्या रकमेच्या दुप्पट दंड करावा. न्याय वाकवणारी ही तीन बळे इतक्या जुन्या काळी इतक्या नेमकेपणाने वेगळी काढलेली पाहून आजही थबकायला होते. बायबलमधील निर्गमाच्या पुस्तकातील धर्मनियम आणखी एक पाऊल पुढे जातो: जमावाच्या मागे लागून न्याय विपरीत करू नये, आणि गरीब आहे म्हणून गरिबाचीही बाजू घेऊ नये. दोन्हीकडे एकच जाण आहे. न्यायाधीशाचे देणे समोर उभ्या असलेल्या माणसाशी आणि कायद्याशी असते. त्या दोघांच्या मध्ये तिसरे कोणी आले की निवाडा बिघडतो, मग ते तिसरे म्हणजे राजा असो की गर्दी.

इ.स.पू. ३९९ मध्ये अथेन्सने सॉक्रेटिसचा न्याय केला तो निवडून दिलेल्या न्यायाधीशांनी नव्हे, तर चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या सुमारे पाचशे नागरिकांनी. आपल्या मुलांना न्यायसभेत आणून अश्रू ढाळायला लावणे ही तिथली रूढ रीत होती. सॉक्रेटिसने ती नाकारली. प्लेटोने दिलेल्या वृत्तांतानुसार त्याचे म्हणणे असे की न्याय ही मर्जी म्हणून वाटायची वस्तू नाही. न्यायाधीश कायद्याप्रमाणे निवाडा करायला बसलेला असतो, मेहरबानी करायला नव्हे. सभेने त्याला मृत्युदंड दिला. लोकांनी स्वतः केलेला न्यायही चुकू शकतो, एवढे यातून ठरते. निवडणुकीचा प्रश्न यातून सुटत नाही, कारण ते पाचशे जण पुढच्या वर्षी कोणापुढे मते मागायला जाणार नव्हते.

विसाव्या शतकातील थोर विधितत्त्वज्ञ हान्स केल्सन यांना लोकशाहीचे प्रतीक म्हणून दिसला तो रोमन सुभेदार पाँटियस पिलात. येशूला त्याने 'सत्य म्हणजे काय' असे विचारले आणि उत्तराची वाट न पाहता प्रश्न गर्दीच्या कौलावर सोडला. अंतिम सत्य कोणाच्याच हाती नाही, म्हणून बहुमत मोजायचे, ही केल्सन यांची लोकशाहीची मांडणी. त्या मांडणीतली शोकांतिकाही त्यांनी लपवली नाही. धोरणाच्या बाबतीत ती पटते. कर किती घ्यावा, रस्ता कुठून न्यावा, याचे एकच खरे उत्तर नसते. पण समोरच्या माणसाने खून केला की नाही, याला खरे उत्तर असते आणि ते हात वर करून बदलत नाही. पिलात हा लोकशाहीचा शासक म्हणून कदाचित क्षम्य ठरेल. न्यायाधीश म्हणून तो क्षम्य नाही.

लोकसंमतीला न्यायात जागाच नाही, असे मात्र नाही. मराठेशाहीत गोतसभेपुढे वाद आला की पंच देतील तो निवाडा मान्य करू, अशी लेखी कबुली वादी आणि प्रतिवादी या दोघांकडून घेत, शिवाय जामीनही घेत. तिथे पंचांचा अधिकार संमतीतूनच येई, पण ती संमती झगडणाऱ्या दोन्ही बाजूंची असे. निवडणुकीत मिळते ती बहुसंख्यांची संमती. आरोपी त्या बहुसंख्यांपैकी असेलच असे नाही. बहुतेकदा तो त्यांच्या रागाचा विषय असतो. ज्याला या संमतीच्या संरक्षणाची सर्वांत जास्त गरज, त्याचाच तीत वाटा सर्वांत कमी.

अमेरिकेतील अनुभवात भय सर्वांत स्पष्ट दिसते. पेनसिल्व्हेनियात गंभीर मारहाण, बलात्कार आणि जबरी चोरीच्या गुन्ह्यांत दिल्या गेलेल्या १९९० च्या दशकातील बावीस हजारांहून अधिक शिक्षा ग्रेगरी ह्यूबर आणि सॅनफर्ड गॉर्डन या अभ्यासकांनी तपासल्या आणि २००४ मध्ये निष्कर्ष मांडला. न्यायाधीशाची फेरनिवड जशी जवळ येई, तशा त्याने दिलेल्या शिक्षा लांबत. निवडणुकीच्या सावलीमुळे वाढलेल्या तुरुंगवासाची त्यांनी केलेली बेरीज कमीत कमी अठराशे वर्षांवर जाते. हा आकडा नीट डोळ्यांपुढे आणला पाहिजे. गुन्हा तोच, कायदा तोच, न्यायाधीशही तोच. खटला निवडणुकीच्या अलीकडे लागला की पलीकडे, यावर माणसाच्या आयुष्यातली वर्षे ठरली. वॉशिंग्टन राज्यातील न्यायाधीशांवरच्या २०१३ च्या अभ्यासातही मुदत संपत आल्यावर शिक्षा सुमारे दहा टक्क्यांनी वाढलेल्या आढळल्या.

मृत्युदंडाच्या बाबतीत हेच भय जीवघेणे होते. कॅलिफोर्नियाच्या मुख्य न्यायमूर्ती रोझ बर्ड यांनी आपल्यापुढे आलेल्या मृत्युदंडाच्या प्रत्येक शिक्षेविरुद्ध मत दिले. १९८६ मध्ये मतदारांनी त्यांना सुमारे दोन तृतीयांश मतांनी घरी पाठवले आणि त्यांच्याबरोबर क्रूझ रेनोसो व जोसेफ ग्रोडिन या दोन न्यायमूर्तींनाही. नव्या न्यायालयाने पुढे बहुतेक मृत्युदंड कायम ठेवले. बर्ड यांचे प्रत्येक मत बरोबर होते असे म्हणण्याचे कारण नाही, पण त्यांच्या जागी आलेल्यांना काय शिकायला मिळाले, हे सांगायला नको. अलाबामात तर ज्युरीने जन्मठेप सुचवली असतानाही निवडून आलेले न्यायाधीश ती डावलून मृत्युदंड देत. हा अधिकार त्यांनी वापरला तेव्हा बहुतांश वेळा तो मृत्यूच्या बाजूने वापरला. २०१७ मध्ये राज्याने तो काढून घेतला.

या भयाचे सर्वांत प्रामाणिक वर्णन एका न्यायाधीशानेच केले. ओटो कॉस हे १९८२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयात होते. गुन्हेगारीविषयक एका वादग्रस्त लोकप्रस्तावाचा खटला त्यांच्यापुढे होता आणि काही आठवड्यांतच त्यांच्या स्वतःच्या पदावर मतदान व्हायचे होते. असे प्रश्न हाताळताना मतदारांकडे दुर्लक्ष करणे म्हणजे न्हाणीघराच्या टबात मगर असताना तिच्याकडे दुर्लक्ष करण्यासारखे आहे, असे ते पुढे म्हणाले. आपण दिलेल्या मतावर त्या मगरीचा किती परिणाम झाला हे आपल्यालाच ठामपणे सांगता येत नाही, ही त्यांची कबुली त्याहून महत्त्वाची. लाच घेणाऱ्याला आपण लाच घेतली हे ठाऊक असते. इथे सज्जन माणसालाही आपल्या सद्सद्विवेकाची खात्री उरत नाही, आणि एखाद्या पद्धतीवर घेता येईल असा याहून गंभीर आक्षेप नाही.

लोभाची कहाणी वेस्ट व्हर्जिनियातली. ह्यू केपर्टन या लहान खाणमालकाने मॅसी या बलाढ्य कोळसा कंपनीविरुद्ध दावा लावला आणि २००२ मध्ये ज्युरीने त्याला पाच कोटी डॉलरची भरपाई दिली. अपील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जाणार हे उघड होते. २००४ मध्ये त्या न्यायालयाच्या एका जागेची निवडणूक आली. मॅसीचे प्रमुख डॉन ब्लँकेनशिप यांनी ब्रेंट बेंजामिन या उमेदवारासाठी स्वतःचे सुमारे तीस लाख डॉलर खर्च केले; बेंजामिन यांच्या बाकी सर्व पाठीराख्यांनी मिळून केलेल्या खर्चापेक्षा ही रक्कम जास्त होती. प्रचारात कोळशाचा उल्लेख नव्हता. विद्यमान न्यायमूर्तीने एका लैंगिक गुन्हेगाराला मोकळे सोडले, एवढाच घोष होता. बेंजामिन निवडून आले, त्यांनी खटल्यातून बाजूला होण्यास नकार दिला आणि २००७ मध्ये ती भरपाई तीन विरुद्ध दोन मतांनी रद्द झाली. २००९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की बेंजामिन यांनी त्या खटल्यात बसायला नको होते. ते प्रत्यक्ष पक्षपाती होते असे न्यायालयाने म्हटले नाही. पक्षपाताचा धोकाच घटनेला सोसवणार नाही इतका मोठा होता, असे म्हटले. फेरसुनावणी बेंजामिन यांच्याशिवाय झाली आणि तीतही केपर्टन हरले. पहिला निकाल कदाचित कायद्याने बरोबरच असेल. पण त्या तीस लाखांनंतर तो बरोबर आहे यावर विश्वास ठेवणे हरलेल्या माणसाला अशक्य झाले, आणि पराभूताने निकाल मानणे हाच तर न्यायव्यवस्थेचा कणा.

तेव्हापासून रकमा फुगत गेल्या. २०२५ च्या एप्रिलमध्ये विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एकाच जागेसाठी दोन्ही बाजूंनी मिळून दहा कोटी डॉलरच्या आसपास खर्च झाला. इलॉन मस्क आणि त्यांच्याशी संबंधित गटांनी त्यात दोन कोटींहून अधिक ओतले आणि त्यांचा उमेदवार हरला. पैसा दर वेळी जिंकतोच असे नाही. पण जिंकलेल्या न्यायमूर्ती सुसान क्रॉफर्ड यांच्या मागेही धनिकांचे पाठबळ होतेच. आसक्तीचे, म्हणजे आपल्या गटाविषयीच्या ममत्वाचे, उदाहरण लहान पण बोलके आहे: बाहेरच्या राज्यातील कंपनीविरुद्ध दावा असेल, तर पक्षाच्या नावावर निवडलेल्या न्यायाधीशांच्या राज्यांत भरपाईच्या रकमा मोठ्या निघतात, असे अलेक्झांडर टॅबारॉक आणि एरिक हेलंड यांच्या १९९९ च्या अभ्यासात दिसले. परक्याला मत नसते.

आयोवाची गोष्ट आणखी वेगळी. समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क नाकारता येणार नाही, असा निकाल तिथल्या सात न्यायमूर्तींनी २००९ मध्ये एकमताने दिला. पुढच्याच वर्षी त्यांपैकी ज्या तिघांवर मतदान आले, ते तिघेही पदावरून गेले. निकाल मात्र बदलला नाही. म्हणजे मतदारांनी कायदा बदलला नाही, फक्त माणसांना शिक्षा केली. आणि ही शिक्षा नेमकी नागरिकांच्या एका अल्पसंख्य गटाला संरक्षण दिल्याबद्दल होती.

इथवर आल्यावर निवडणुकीविरुद्ध निकाल देणे सोपे वाटेल, पण विरुद्ध बाजूचा पुरावाही वजनदार आहे. १८५० च्या दशकात पळालेल्या गुलामांना पकडून परत पाठवण्याचा संघराज्याचा कायदा घटनाबाह्य आहे, असे सांगण्याचे धैर्य विस्कॉन्सिनच्या निवडून आलेल्या न्यायालयाने दाखवले. तो निकाल १८५९ मध्ये उलटवला तो तहहयात नेमलेल्या न्यायमूर्तींच्या संघीय सर्वोच्च न्यायालयाने. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात कृष्णवर्णीयांना नागरिकत्व नाकारणारे न्यायालयही तेच. त्याच वर्षी, १८५९ मध्ये, विस्कॉन्सिनच्या मतदारांनी गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या बायरन पेन या वकिलाला न्यायासनावर बसवले. स्टीफन चोई, मितू गुलाटी आणि एरिक पॉझनर यांच्या अभ्यासातही नेमलेले न्यायाधीश निवडून आलेल्यांपेक्षा अधिक स्वतंत्र असतात, असे सरसकट आढळले नाही. निवडून आलेले अधिक निकालपत्रे लिहितात, नेमलेल्यांची निकालपत्रे अधिक उद्धृत होतात, एवढा फरक दिसला. नेमणुकीतही राजकारण असते, ते बंद दाराआड असते एवढेच. केल्सन स्वतः ऑस्ट्रियाच्या घटनात्मक न्यायालयात तहहयात न्यायाधीश होते. सरकारपक्षाला न रुचलेल्या निकालांनंतर त्या न्यायालयाची पुनर्रचना झाली आणि १९३० मध्ये त्यांना बाहेर पडावे लागले.

भारताच्या संविधान सभेत २४ मे १९४९ रोजी बाबासाहेब आंबेडकर यांनी याच कोंडीवर बोलताना तिन्ही टोके नाकारली. नेमणूक केवळ सरकारच्या हाती देणे धोक्याचे, अमेरिकेप्रमाणे विधिमंडळाच्या संमतीवर सोपवणे अवजड आणि राजकीय दबावाला वाट देणारे, आणि सरन्यायाधीशांच्या हाती नकाराधिकार देणेही अयोग्य, कारण सरन्यायाधीश हाही सर्वांसारखे गुणदोष असलेला माणूसच. बाबासाहेबांचा हा शेवटचा मुद्दा भारतात पुढे मागे पडला: न्यायवृंदाच्या पद्धतीत न्यायाधीशच न्यायाधीश निवडतात आणि ती बदलू पाहणारी घटनादुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केली. निवडणूक नको म्हणणाऱ्यांनी हा दोष आपल्या खाती मांडून घेतला पाहिजे.

मग खरा दोष कुठे आहे? मायकेल कँग आणि जोआना शेपर्ड यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात अमेरिकेतील राज्यांच्या सर्वोच्च न्यायालयांचे निकाल आणि देणग्या ताडून पाहिल्या. देणगीदारांच्या बाजूने झुकणारा कल त्यांना आढळला. पण सक्तीच्या निवृत्तीवयामुळे ज्यांना पुन्हा निवडणूक लढवायचीच नव्हती, अशा न्यायाधीशांत तो कल जवळजवळ नाहीसा झाला. तेही निवडूनच आलेले होते, त्यांच्याही प्रचाराला पैसा लागला होता. न्यायाधीशाला वाकवते ते मागे मिळालेले मत नव्हे, पुढे मागायचे मत. पेनसिल्व्हेनियातील लांबत जाणाऱ्या शिक्षा, ओटो कॉस यांची मगर आणि आयोवातील तीन रिकाम्या खुर्च्या एकाच जागी बोट ठेवतात. लोकांनी न्यायाधीश निवडणे लोकशाहीशी सुसंगत ठरू शकते. प्रत्येक निकालाच्या वेळी त्याला पुढच्या मतदानाची आठवण करून देणे न्यायाशी सुसंगत नाही, कारण तिथे तो निवाडा करत नाही, सॉक्रेटिसने नाकारलेली मर्जी वाटत असतो.

या कसोटीवर मेक्सिकोचा प्रयोग पाहावा. सप्टेंबर २०२४ मधील घटनादुरुस्तीनंतर १ जून २०२५ रोजी तिथे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींसह आठशेहून अधिक संघीय न्यायिक पदांसाठी एकाच दिवशी मतदान झाले. मतपत्रिकांवर नावांच्या लांबच लांब याद्या होत्या, कोणाला मत द्यायचे ते सांगणाऱ्या छापील चिठ्ठ्या वाटल्या गेल्या आणि मतदारांपैकी जेमतेम तेरा टक्के लोक आले. इतक्या थोड्या मतांवर उभा असलेला अधिकार लोकांचा आहे असे म्हणणे कठीण आहे. तरीही मिश्तेक या आदिवासी समाजातील वकील ह्यूगो अगिलार ओर्तिस न्यायालयाच्या अध्यक्षपदी आले, आणि बंद दाराआडच्या नेमणुकीतून ते तिथवर पोहोचते का, ही शंका रास्त आहे. नव्या रचनेत सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना फेरनिवड नाही; त्या संपूर्ण दुरुस्तीतली ही सर्वांत शहाणी तरतूद होय. खालच्या संघीय न्यायाधीशांना मात्र नऊ वर्षांची मुदत संपल्यावर पुन्हा उभे राहण्याची मुभा आहे. सामान्य माणसाचा खटला याच न्यायाधीशांपुढे चालतो, म्हणून ती मुभा आधी काढून टाकली पाहिजे.